व्याख्यानाचे स्वामित्व : उत्तर अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांतील एका वादाचा इतिहास

ऑनलाइन अध्यापनाच्या विस्ताराला प्राध्यापकांच्या संघटनांनी जो विरोध केला, त्याची वासलात बहुधा दोन प्रकारांनी लावली जाते. एका मताप्रमाणे हा विरोध म्हणजे नव्या यंत्राला बिचकणाऱ्या जुन्या माणसांचे गाऱ्हाणे होय. दुसऱ्या मताप्रमाणे ती निव्वळ पोटापाण्याची चिंता असून तिला शिक्षणविचाराचे वस्त्र नेसविण्यात आले आहे. कॅनडा आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथील सार्वजनिक विद्यापीठांत १९९७ पासून जे तंटे झाले, त्यांतील करार व खुली पत्रे पाहिली असता ही दोन्ही मते अपुरी ठरतात. यंत्राविषयीची तक्रार त्यांत फार थोडी आहे. पोटाची चिंता आहे, आणि ती उघडपणे मांडलेली आहे. परंतु पुनःपुन्हा पुढे येणारा प्रश्न निराळाच आहे. शिकविण्याची क्रिया शिकविणाऱ्यापासून सुटी करून तिची एक वस्तू बनविली, म्हणजे त्या वस्तूवर हक्क कोणाचा? आणि ती कोठे, कितीदा व कोणाच्या जागी वापरावयाची, हे ठरवावयाचे कोणी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी दोन शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. इंग्रजीतील ‘लेक्चर’ हा शब्द ‘वाचणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. छापखान्यापूर्वीच्या युरोपीय विद्यापीठांत अध्यापक ग्रंथ वाचून दाखवी व विद्यार्थी तो ऐकत. ग्रंथ ही वस्तू आणि वाचन ही क्रिया, असा भेद त्या शब्दाच्या पोटातच होता. आपल्याकडील ‘पाठ’ हा शब्द तर दोन्ही अर्थ एकदम वाहतो. गुरू पाठ देतो तेव्हा ती क्रिया असते; संशोधक पाठभेद नोंदवितो तेव्हा तो ग्रंथातील मजकूर असतो. महाविद्यालयीन बोलीत मात्र आपण हे दोन्ही शब्द सोडून ‘तास’ म्हणतो. तास घेतला जातो, तासाला बसले जाते, तास बुडतो. काळाचे एकक हेच अध्यापनाचे नाव झाले आहे, आणि बुडालेला तास पुन्हा घ्यावा लागतो. तो कपाटातून काढून देता येत नाही. ज्या वादाचा इतिहास पुढे सांगावयाचा आहे, तो एका दृष्टीने तासाचा पाठ होऊ लागला तेव्हापासूनचा इतिहास आहे.

व्याख्यान ही वस्तू आहे काय, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद जॉन अ‍ॅबर्नेथी यांची व्याख्याने ‘लॅन्सेट’ या नव्याने निघालेल्या नियतकालिकाने छापण्यास आरंभ केला, तेव्हा अ‍ॅबर्नेथी न्यायालयात गेले. लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांच्यापुढे अडचण अशी होती की, व्याख्याने तोंडी दिलेली होती. त्यांची लिखित प्रत वादीने हजर केलेली नव्हती. आरंभी मनाई हुकूम मिळाला नाही. अखेर १८२५ साली तो मिळाला, पण तो साहित्यसंपत्तीच्या तत्त्वावर नव्हे. व्याख्यान ऐकावयास येणारा विद्यार्थी ते स्वतःच्या उपयोगासाठी टिपून घेऊ शकतो, परंतु विकण्यासाठी छापू शकत नाही, असा एक अध्याहृत करार वक्ता व श्रोता यांच्यात असतो, असे एल्डन यांनी मानले. म्हणजे संबंध महत्त्वाचा ठरला, वस्तू नव्हे. पुढे १८८७ साली ग्लासगो विद्यापीठातील नीतिशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड केअर्ड यांच्या खटल्यात ब्रिटिश लॉर्डांच्या सभागृहाने असा निर्णय दिला की, वर्गातील व्याख्यान हे जनतेपुढील प्रकाशन नव्हे, आणि म्हणून त्यावरील प्राध्यापकाचा हक्क नष्ट होत नाही.

तिसरा खटला आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मानवशास्त्र शिकविणाऱ्या विल्यम्स नामक अध्यापकाच्या व्याख्यानांची टिपणे एका व्यापाऱ्याने माणूस बसवून घेवविली व विक्रीस काढली. प्रतिवादीचा एक बचाव असा होता की, व्याख्याने अध्यापकाची नसून त्याला पगार देणाऱ्या विद्यापीठाची आहेत; तेव्हा अध्यापकाला तक्रारीचा अधिकारच नाही. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९६९ साली हा बचाव फेटाळला. त्यामागील विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्याख्याने विद्यापीठाची मानली, तर एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या प्राध्यापकाला आपलाच विषय पुन्हा शिकविणे अवघड होईल. आणि असे होऊ नये याची गरज विद्याक्षेत्रालाच आहे.

हा निर्णय तोंडी व्याख्यानाविषयीचा होता. अमेरिकेचा १९७६ चा कॉपीराइट कायदा मूर्त माध्यमात स्थिर झालेल्या कृतीला लागू होतो, आणि नोकरीच्या ओघात केलेली कृती नोकरी देणाऱ्याची, असे तत्त्व त्यात आहे. अध्यापकांना जुन्या रूढीने मिळालेली सूट या कायद्याखाली टिकली की नाही, याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की, प्राध्यापक बोलत होता तोवर शब्द त्याचे होते; त्याच्यापुढे कॅमेरा ठेवला गेला की ते कोणाचे, याविषयी शंका उत्पन्न झाली. संघटनांच्या चिंतेचा कायदेशीर उगम येथे आहे.

दूर असलेल्या विद्यार्थ्याला शिकविण्यालाच प्राध्यापकांचा विरोध होता, असे मात्र म्हणता येणार नाही. शिकागो विद्यापीठाने १८९२ पासूनच पत्रद्वारा शिक्षण चालविले, आणि त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे त्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. पुढे या पद्धतीला व्यापारी वळण लागले, तेव्हा अब्राहम फ्लेक्सनर यांनी १९३० मधील आपल्या ग्रंथात अमेरिकन विद्यापीठांच्या घरबसल्या शिक्षणविभागांवर कठोर टीका केली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून आकाशवाणी व चित्रवाणी यांचा भरपूर उपयोग केला. पण तेथे प्रत्येक विद्यार्थ्यामागे निबंध तपासणारा शिक्षक नेमलेला असे. यंत्र होते आणि माणूसही होता. वाद पेटला तो माणूस वगळण्याची भाषा निघाली तेव्हा.

ती भाषा पहिल्यांदा करारावर आली टोरांटो येथील यॉर्क विद्यापीठात. १९९७ च्या वसंत ऋतूत तेथील प्राध्यापक-संघटनेने जो संप केला, तो ५५ दिवस चालला. वेतन, निवृत्ती व कामाचा बोजा हे नेहमीचे विषय त्यात होतेच. त्याखेरीज एक विषय नवा होता. विद्यापीठातील कायम नेमणूक नसलेल्या काही अध्यापकांना आपले अभ्यासक्रम चित्रफितीवर, सीडीवर अथवा इंटरनेटवर चढविण्यास भाग पाडण्यात आले, आणि नंतर तोच अभ्यासक्रम पूर्वीच्या मोबदल्याच्या अंशावर चालविण्यासाठी त्यांना पुन्हा नेमण्यात आले, असे त्या विद्यापीठातील इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी नोंदविले आहे. संपानंतर झालेल्या करारात दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत आल्या. वर्गाला पूरक म्हणून किंवा वर्गाला पर्याय म्हणून तंत्राचा वापर करावयाचा तो संबंधित अध्यापकाच्या शैक्षणिक निर्णयाशी सुसंगत असला पाहिजे, ही एक. आणि संमतीवाचून कोणाही अध्यापकावर आपला अभ्यासक्रम रूपांतरित करण्याची सक्ती करता येणार नाही, ही दुसरी. तंत्र वापरू नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. कोणी ठरवावयाचे, एवढेच म्हटले आहे.

नोबल यांच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या वादाला सैद्धांतिक रूप त्यांनी दिले. ‘डिजिटल डिप्लोमा मिल्स’ हा त्यांचा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला व अनेक विद्यापीठांतील संघटनांच्या हाती गेला. परंतु त्यांचा मूळ अभ्यास शिक्षणाचा नव्हताच. ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या १९८४ च्या ग्रंथात त्यांनी लेथ व मिलिंग यांसारख्या यंत्रांच्या स्वयंचलनाचा इतिहास लिहिला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर या यंत्रांपुढे दोन वाटा होत्या. कुशल कारागीर एक भाग घडवीत असता त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर उतरवून घ्यावयाच्या व तीच फीत यंत्राला पुन्हापुन्हा ऐकवावयाची, ही एक वाट. कारागिराला बाजूस ठेवून अभियंत्याने आकड्यांतच आज्ञावली लिहावयाची, ही दुसरी. अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत वाढली ती दुसरी. यांत्रिक श्रेष्ठतेपेक्षा कामावरील नियंत्रण कारखान्याच्या जमिनीवरून व्यवस्थापनाच्या कचेरीत नेण्याची ओढ या निवडीमागे होती, असे नोबल यांचे प्रतिपादन होते.

हीच दृष्टी घेऊन त्यांनी विद्यापीठाकडे पाहिले. प्राध्यापकाचे व्याख्यान मुद्रित करणे म्हणजे कारागिराचा हात फितीवर उतरवून घेणे, असे त्यांना दिसले. हे साम्य मार्मिक आहे; पण ते पूर्ण आहे असे आम्हांस वाटत नाही. लोखंडाचा तुकडा प्रत्येक वेळी तोच असतो. विद्यार्थी तोच नसतो. कारागिराच्या हालचालीची हुबेहूब पुनरावृत्ती झाली तर माल चांगलाच निघतो. व्याख्यानाची हुबेहूब पुनरावृत्ती झाली तर काय निघते, हे श्रोत्यावर अवलंबून असते. भाषेचा अभ्यास करणाऱ्यास यात नवल नाही: एकच वाक्य दोन प्रसंगी उच्चारले असता ती दोन उक्ती होतात. नोबल यांनी आपल्या प्रतिपादनात मालकीवर जितका भर दिला, तितका या भेदावर दिला असता, तर त्यांची बाजू अधिक बळकट झाली असती.

कॅलिफोर्निया राज्यात वादाने निराळे रूप घेतले, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांच्या सेवकवर्गाला सामुदायिक वाटाघाटींचा हक्क देणारा कायदा १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमलात आला. १९८३ पासून कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठातील अध्यापकांचे प्रतिनिधित्व कॅलिफोर्निया फॅकल्टी असोसिएशन ही संघटना करते. या कायद्याने वाटाघाटींची कक्षा आखून दिली. वेतन, कामाचे तास व नोकरीच्या अटी संघटनेकडे आल्या. अभ्यासक्रमांचा आशय व त्यांचे संचालन कक्षेबाहेर ठेवले गेले, कारण तो विद्यावंतांच्या सिनेटचा प्रांत मानला जाई. तासाच्या युगात ही वाटणी चालून जात होती. ऑनलाइन अभ्यासक्रमाने ती मोडली. मुद्रित व्याख्यान हा आशयही आहे आणि नोकरीची अटही आहे. एका वर्गात तीस विद्यार्थी की तीनशे, हा कामाच्या बोजाचाही प्रश्न आहे आणि शिक्षणपद्धतीचाही. त्यामुळे संघटनेने प्रश्न काढला की तो सिनेटचा ठरावा, आणि सिनेटने काढला की त्याला वाटाघाटीचे बळ नसावे, अशी स्थिती झाली. या वादात संघटना शैक्षणिक भाषा बोलतात म्हणून त्यांच्यावर ढोंगाचा आरोप करणाऱ्यांनी ही रचना ध्यानात घेतलेली नाही.

१९९७ मध्ये राज्य विद्यापीठाने मायक्रोसॉफ्ट, जीटीई, ह्यूज व फुजित्सू या चार कंपन्यांशी भागीदारी करून सर्व आवारांत संगणक व दळणवळणाची व्यवस्था उभारण्याची योजना पुढे आणली. अध्यापक व विद्यार्थी यांनी तिला विरोध केला; १९९८ मध्ये ती बारगळली. खरा कसोटीचा प्रसंग आला तो पंधरा वर्षांनी, राज्य विद्यापीठाच्याच सॅन होजे येथील शाखेत.

२०१३ च्या जानेवारीत राज्यपाल जेरी ब्राउन यांच्या उपस्थितीत सॅन होजे विद्यापीठाने यूडॅसिटी या कंपनीशी करार जाहीर केला. गणितातील दोन व संख्याशास्त्रातील एक, असे तीन अभ्यासक्रम प्रत्येकी १५० डॉलर शुल्कात ऑनलाइन द्यावयाचे होते. राज्याचे अनुदान आटलेले होते, आवश्यक वर्गांत जागा मिळत नसल्याने विद्यार्थ्यांची पदवी लांबत होती. तेव्हा योजनेमागील गरज खोटी नव्हती. त्याच वर्षी मार्च महिन्यात सिनेटर डॅरेल स्टाइनबर्ग यांनी एक विधेयक मांडले. ज्या अभ्यासक्रमांत जागांचा तुटवडा सर्वाधिक आहे अशा पन्नास अभ्यासक्रमांपुरते, खाजगी कंपन्यांसह बाहेरच्या संस्थांनी दिलेले ऑनलाइन शिक्षण सार्वजनिक विद्यापीठांनी पदवीसाठी मान्य करावे, असा त्याचा आशय होता. संघटना व सिनेट दोघांनीही विरोध केला. उन्हाळ्याच्या अखेरीस ते विधेयक बाजूस ठेवले गेले.

या गदारोळातला सर्वांत वाचनीय कागद संघटनेचा नाही. तो सॅन होजे येथील तत्त्वज्ञान विभागाचा आहे. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांची न्याय या विषयावरील व्याख्याने हार्वर्ड व मॅसॅच्युसेट्सची तंत्रसंस्था यांनी स्थापन केलेल्या एडएक्स या मंचावर होती. ती आपल्या वर्गात वापरावीत ही सूचना विभागाने नाकारली आणि २०१३ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस सँडेल यांनाच खुले पत्र लिहिले. पत्राचा रोख असा: न्याय म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्यांनी एका संपन्न संस्थेतील बहुतांशी गोऱ्या विद्यार्थ्यांची चर्चा पडद्यावर पाहून शिकावे काय? देशभर सर्व विभागांत एकच अभ्यासक्रम एकाच मुखाने शिकविला जावा, हे भयावह आहे. आणि याचा शेवट दोन जातींच्या विद्यापीठांत होईल, जेथे एका ठिकाणी प्राध्यापक असेल व दुसऱ्या ठिकाणी त्याचे चित्र. सँडेल यांनी उत्तर दिले की, ही चिंता रास्त आहे आणि आपल्या व्याख्यानांचा उपयोग इतरत्रच्या सहकाऱ्यांच्या नोकऱ्यांवर घाला घालण्यासाठी व्हावा अशी आपली इच्छा नाही. ते प्रामाणिक उत्तर होते. पण त्यातच गोम आहे: एकदा वस्तू झालेल्या व्याख्यानाच्या वापरावर वक्त्याची इच्छा कितपत चालते?

परिणामांविषयी पक्षपाताने लिहिणे इष्ट नाही. यूडॅसिटीबरोबरच्या पहिल्या सत्रात तिन्ही अभ्यासक्रमांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी अंतिम परीक्षेत नापास झाले, आणि २०१३ च्या जुलैत योजना थांबविली गेली. उन्हाळी सत्रात निकाल पुष्कळ सुधारला, हेही खरे. मात्र त्या सत्रातील बहुसंख्य विद्यार्थी आधीच पदवीधर होते. दुसरीकडे, त्याच विद्यापीठात २०१२ मध्ये विद्युत्-अभियांत्रिकीच्या एका वर्गाने एडएक्सची व्याख्याने घरी पाहून वर्गातला वेळ अध्यापकाबरोबर उदाहरणे सोडविण्यात घालविला, तेव्हा उत्तीर्णांचे प्रमाण पूर्वीच्या साठ टक्क्यांच्या आतून ९१ टक्क्यांवर गेले. योजनेचे पुरस्कर्ते हा आकडा वारंवार पुढे करीत. त्या वर्गात अध्यापकाचा विद्यार्थ्यांबरोबरचा वेळ कमी झाला नव्हता, हे सांगण्याचे मात्र राहून जाई.

संघटनांच्या बाजूतही एक उणेपणा होता. यॉर्कच्या तक्रारीत ज्यांचे नुकसान झाले ते कायम नेमणूक नसलेले अध्यापक होते, पण नकाराचा हक्क प्रत्यक्षात वापरू शकतो तो कायम प्राध्यापक. ज्याची नेमणूक सत्रागणिक होते, त्याला करारातील संमतीचे कलम वाचून दाखविले तरी तो नाही म्हणण्याचे धाडस करीलच असे नाही. ही दरी भरून काढण्यास संघटनांना फार वेळ लागला, आणि ती पुरती भरली असे आजही म्हणवत नाही.

२०१८ मध्ये इंडियाना राज्यातील पर्ड्यू या सार्वजनिक विद्यापीठाने कॅप्लन हे नफ्यासाठी चाललेले विद्यापीठ अंगभूत करून ‘पर्ड्यू ग्लोबल’ ही ऑनलाइन संस्था उभी केली. तत्पूर्वी पर्ड्यूच्या प्राध्यापक-सिनेटने या व्यवहाराचा निषेध नोंदविला होता. मग आली महामारी, आणि ज्यावर वीस वर्षे वाटाघाटी चालल्या होत्या ते काही आठवड्यांत सर्वत्र घडून गेले. २०२१ च्या जानेवारीत मॉन्ट्रियल येथील कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की, कॅनडियन कलेच्या इतिहासावर ज्यांची ऑनलाइन व्याख्याने तो ऐकत होता ते प्राध्यापक फ्रान्स्वा-मार्क गान्यों २०१९ मध्येच वारले आहेत. अभ्यासक्रमाला जिवंत अध्यापक व साहाय्यक नेमलेले होते, असा खुलासा विद्यापीठाने केला. शंका विचारावयाची म्हणून विद्यार्थ्याने ज्यांचा शोध घेतला, ते मात्र उत्तर देऊ शकत नव्हते.

भारतात हाच प्रश्न टक्केवारीच्या रूपाने आला. ‘स्वयम्’ या मंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये दिली. २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्के झाली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात संमिश्र अध्यापनाचा मसुदा निघाला. दिल्ली विद्यापीठ शिक्षक संघटनेने त्याला विरोध केला. कार्यभार घटून हंगामी अध्यापकांच्या नोकऱ्या जातील, हा त्यातील एक मुद्दा होता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘व्याख्यान’ या शब्दाची व्याख्या आहे व तीत भाषण आणि प्रवचन यांचाही समावेश आहे. तथापि सेवेच्या कराराखाली नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला स्वामी, उलट करार नसल्यास, नोकरी देणारा असतो, असेही तो कायदा म्हणतो.

‘उलट करार नसल्यास’ या तीन शब्दांत यॉर्कच्या ५५ दिवसांचे सार आहे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भाग घड्याळी तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक पार पाडतात, आणि त्यांचे मानधन घेतलेल्या तासांच्या संख्येवर ठरते. त्यांच्या मुद्रित तासाची फीत पुढल्या वर्षी त्याच वर्गाला दाखविली, तर हजेरीपटावर तो तास कोणाच्या नावे मांडावयाचा, हे अद्याप ठरावयाचे आहे.